कचारगडात ड्रॅगन

यंदा तीन दिवस झड लागली. झड म्हणजे बाहेर धानाच्या बांध्या तुडुंब आणि घरात माणूस तुंबलेला. अशा दुपारी मी मोबाईलवर एआयसोबत गोष्ट-गोष्ट खेळायला बसलो. खेळ सोपा. दोन ओळी आपण लिहायच्या, पुढच्या दहा तो लिहितो. मग त्या गोष्टीत शिरून मनाला येईल ते करायचं.

मी लिहिलं, "माघ पौर्णिमेची पहाट. सालेकसा स्टेशनावर गाडीत बसलो, पुढल्याच दरेकसाला उतरलो आणि कचारगडाच्या वाटेला लागलो."

उत्तर आलं, "गार वाऱ्याने तुमचा अंगरखा फडफडला. धुक्यात प्राचीन किल्ल्याचे बुरूज दिसू लागले. तुम्ही तलवारीची मूठ चाचपली."

कचारगड हा नावाचाच गड. आहे तो डोंगर, आणि त्याच्या पोटात भलीमोठी गुहा. माघ पौर्णिमेला तिथे गोंडांची यात्रा भरते. गर्दी अशी की तलवार जाऊ द्या, स्वतःचं नाक चाचपायलाही हात वर होत नाही. मी हे कळवलं. "अगदी बरोबर!" म्हणून त्याने तत्परतेने बुरूज पाडले आणि गुहेत ड्रॅगन बसवला.

आता या खेळाचा जन्मच मुळी गुहेतला, हे मला मान्य आहे. विल क्राउदर नावाचा अमेरिकी प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे काढायचा. 1975-76 च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी ती गुहा संगणकात उतरवली. चित्र एकही नाही, नुसता मजकूर. आपण एक-दोन शब्दांत हुकूम द्यायचा, खेळ पुढचं सांगायचा. 1977 मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्यात कंदिलाची बॅटरीसुद्धा संपायची. (लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला हा खेळ लगेच घरचा वाटतो.) त्यातही ड्रॅगन होता, पण तो खेळ खवट होता. शब्द कळला नाही की सरळ कळला नाही म्हणायचा. 2019 मध्ये निक वॉल्टनच्या 'एआय डंजन'ने ही कटकट मिटवली. काहीही लिहा, गोष्ट पुढे सरकणारच.

आणि माझं दुखणं तेच आहे. ती सरकतेच.

मी त्याला कचारगडाची खरी गोष्ट सांगितली. कली कंकाली मातेची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका केली, आणि दाराची शिळा हलली त्यात हिरासुका पाटालीरच्या वाद्याचा वाटा होता. एवढी तयार गोष्ट आयती हातात आल्यावर कोण ड्रॅगनला विचारेल? तो म्हणाला, "किती सुंदर लोककथा!" आणि त्या वाद्यावर ड्रॅगनला नाचायला लावलं.

मग मी चिडून लिहिलं, "मी खिशातून हत्ती काढला."

"हत्तीने सोंड उंचावून तुम्हाला वंदन केलं."

कुठल्या खिशातून, हे विचारावंसं त्याला वाटलं नाही. आमच्याकडे दंडारीच्या लोकनाट्यात एखाद्याने असा हत्ती काढला असता, तर समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी आधी खिसा उलटा करून दाखवायला लावला असता.

तेवढ्यात आई तांदूळ निवडत जवळ येऊन बसली. "काहून रे बाबू, मोबाईलसंगं भांडून रायला?"

मी तिला सगळी गोष्ट वाचून दाखवली. किल्ला, तलवार, ड्रॅगन, हत्ती. ती मन लावून ऐकत होती. सुपातला एक खडा तिने अंगणात भिरकावला.

"दरेकसाहून निघाला, तं मंदात धनेगाव कोठी गेलं?"

धनेगाव खरंच राहून गेलं होतं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"अना गाडीत बसला तं तिकीट काढली होती का?"

मी मुकाट्याने लिहिलं, "माझ्याकडे तिकीट नाही. डब्यात टीसी आला."

क्षणभर तीन टिंबं लुकलुकली. मग ओळी उमटल्या, "टीसीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तो म्हणाला, 'हे वीरा, तुझ्यासारख्याला तिकिटाची काय गरज?'"

आईने सूप खाली ठेवलं. चष्मा पुसून तिने ती ओळ स्वतः वाचली.

"हा टीसी कोन्या लाइनवर रायते?"