मेळकाका

‘थांब! तिथंच उभा राहा. आता सांग, तबला पुढून येतोय की मागून?’

मेळकाकांच्या घरी पाहुण्याचं स्वागत असं होतं. पाणी नंतर.

खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सोसायटीत ते कुणी वाचत नाही. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी आणि न्हाणीघर मिळून काकांचे पाच स्पीकर. त्यांत एक जुना डेक आणि एक काच तडकलेला मोबाइलही आला. पाचांनी एका तोंडानं गावं, एवढंच काकांचं देवाकडे मागणं.

परीक्षेला ते तीनताल लावतात. स्वयंपाकघरातला ‘धा’ समेवर पडतो, तेव्हा बाल्कनीतला अजून वाटेत असतो. ‘ब्लूटूथ! २०० मिलिसेकंद खातं मेलं,’ काका एखाद्या उधळ्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलतात. ५० च्या वर गेलं की ठेक्याची दोन तुकड्यांत चटणी होते. शिवाय आवाज हवेतून मिलिसेकंदाला जेमतेम ३४ सेंटिमीटर चालतो. त्यामुळे टेप घेऊन सोफा सरकवणं आलं. सोफा काकूंच्या माहेरचा.

इतकं करून जुळवलेलं तासभरसुद्धा टिकत नाही. प्रत्येक यंत्राच्या पोटात क्वार्ट्झचं घड्याळ, आणि प्रत्येकाची चाल न्यारी. लाखात चार ठोक्यांचा फरक पडला, तरी तासाला दीडशे मिलिसेकंदांची बोंब.

‘वाड्यात अकरा रेडिओ होते. कुणी कधी जुळवले का?’ काका उसासा टाकतात. तेव्हा एकच लहर सगळ्या घरांत एकदम शिरायची. आता जो तो गाणं आधी कोठारात भरतो आणि सवडीनं वाजवतो. म्हणून तर मॅचच्या दिवशी बी विंग ‘आउट’ म्हणून ओरडते, तेव्हा काकांच्या टीव्हीवर बोलर अजून चेंडू पॅंटला घासत असतो. डिशवाल्यांनी जरा दमानं ओरडावं, असा ठराव त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडला होता. अनुमोदक मिळाला नाही.

‘मागच्याला पळवता येत नाही,’ काका शेवटी गुरुमंत्र देतात, ‘पुढच्यांना थांबवायचं.’

काकू हा मंत्र लग्नापासून पाळतायत. रविवारी एक वाजता ताटं वाढलेली, मुलगा-सून-नात हात आवरून बसलेली. काकू हाक मारतात. ‘आलो, आलो!’

बाल्कनीतून आवाज तत्काळ येतो. काका पाऊण तासानं.