ऐंशी शेअरांचा मालक

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी पोरगंसुद्धा आत टाकून जागा धरतात. मी मात्र आधी गाडीच्या तोंडाशी जाऊन नाव वाचतो. ‘अशोक लेलँड’ दिसलं की छाती दोन इंच फुगते. आपलीच गाडी! या कंपनीचे ऐंशी शेअर माझ्याकडे आहेत.

घेतले होते चाळीसच. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीला एसटीकडून 2,104 गाड्यांची 981 कोटींची ऑर्डर मिळाली, ती बातमी वाचून. पुढे जुलै 2025 मध्ये एकास एक बोनस मिळाला. चाळिसाचे ऐंशी झाले म्हणून मी कंदी पेढे घेऊन घरी आलो. भाव निम्म्यावर आल्याचं हिला दुसऱ्या दिवशी कळलं. “अहो, एका पेढ्याचे दोन तुकडे केले म्हणजे पेढे वाढले होय?” असं म्हणून तिनं उरलेला पुडा फडताळात वर ठेवून दिला.

ऑगस्टमध्ये जून तिमाहीचा निकाल लागला. मार्च तिमाहीत नफा 1,246 कोटी आणि जूनला 594! मी हबकलो. जाणकार मात्र खूश. या धंद्यात जूनची गाठ मार्चशी घालायचीच नाही म्हणे. आर्थिक वर्ष सरता सरता गाड्यांची उचल मोठी असते. मागच्या जूनला 526 होते, म्हणजे प्रगतीच. सहामाहीचे मार्क वार्षिकशी नाही, गेल्या सहामाहीशी ताडून बघायचे, हे वेळीच ठाऊक असतं तर वडिलांच्या हातचे किती फटके वाचले असते!

गाडीत बसल्या बसल्या वही काढली. नफा 594 कोटी, शेअर 587 कोटी. शेअरमागे रुपया, वर चिल्लर. तीन महिन्यांत माझ्या वाट्याला 81 रुपये, तेही कागदावर.

“सांगली, एक फुल, एक हाफ,” ही कंडक्टरला म्हणाली. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं. तिकिटं पर्समध्ये सारत तिनं माझ्या वहीत डोकावून पाहिलं. “तुमच्या तीन महिन्यांपेक्षा माझे एका खेपेत जास्त सुटले की.” सांगली तिचं माहेर, खेपा बऱ्याच होतात.

मी विषय बदलायला खिडकीखालच्या पत्र्यावर टिचक्या मारून बघू लागलो. आवाज घट्ट होता. “काका, नवी गाडी हाय, ठोकू नका,” मागून कंडक्टर.

कऱ्हाडला गर्दीचा लोंढा आत आला. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या; मी एकटा प्रसन्न. उभे प्रवासी मोजले, सव्वीस. वहीत लिहिलं, ‘मागणी भक्कम’. पेठनाक्याला एका मावशींनी त्यांचं बोचकं नेमकं माझ्या पावलावर टेकवलं. मी ‘हूं’ केलं नाही. आपल्या गाडीत गिऱ्हाइकाला कसं बोलायचं?

सांगलीला उतरलो. ही भडंगाच्या दुकानाकडे निघालीसुद्धा. मी मात्र दाराशी उभा राहून गाडीकडे बघत होतो.

“काय राहिलं का आत, काका?”

“राहिलेत की,” मी म्हणालो, “ऐंशी.”

तो बिचारा सीटखाली वाकून शोधायला लागला.