घरशाळेतली आई काय वाचते?

वऱ्हाडात लेकरू शाळेत जात नाही म्हटलं की शेजारीण आधी त्याची तब्येत विचारते. घरशाळेचा निर्णय 'तोत्तोचान' वाचून होतो. पुढचं वाचन मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माहितीपत्रकावर खर्ची पडतं. अमरावतीच्या अशाच एका आईनं उन्हाळ्यात उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) उघडली. नायिका कौतिकची बोली घरचीच, वाचन सुसाट. तेवढ्यात हाक आली, "आई, लसावि कसा काढू?" पानात खुणेला पेन्सिल अडकवली. दिवाळीत फराळ करताना ती पेन्सिल सापडली, कारण लेकराला पेन्सिल हवी होती. बाबा अकोल्याला अपडाउन करतात; गाडीत निवांत मोबाइलवर फिनलंडची शिक्षणपद्धती वाचतात. परवा म्हणाले, "यंदा काही वाचलं का वं तू?"

"सहावीचं गणित. दोनदा."