कुलूप ठेवलंत, किल्ली नेलीत

प्रति,
लॅपटॉपचा कीबोर्ड आखणारे महाशय,

विषय : स्क्रोल लॉकचं बटण आणि त्याचा दिवा काढून टाकल्याबद्दल जाब

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण तुमचं काम रोज आठ तास माझ्या बोटांखाली असतं. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. गेल्या ३१ मार्चच्या संध्याकाळी आमच्या ऑफिसात जे झालं, त्याचा जाब कुणाला विचारायचा हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे कर्जवसुली बघणाऱ्या ताई निवृत्तीला आल्या आहेत. त्यांचं अर्धं आयुष्य हातानं कीर्द-खतावणी लिहिण्यात गेलं. संगणक त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकल्या आणि जिद्दीनं शिकल्या. त्या दिवशी व्याजाच्या शीटमध्ये काही खात्यांच्या रकमा दुरुस्त करायच्या होत्या. ताईंची नजर रजिस्टरवर, बोट बाणाच्या बटणावर. तीन ओळी खाली जायचं म्हणून त्यांनी तीनदा बाण दाबला, आकडा टाकला, एन्टर मारलं. पण बाणानं सेल हललाच नव्हता. सगळी शीट तेवढी वर सरकली होती. आकडा बसला भलत्याच खातेदाराच्या नावावर आणि त्याचा खरा आकडा पुसला गेला. एन्टरनं सेल एक ओळ खाली उतरला, तेवढाच. पुढच्या दुरुस्त्याही अशाच ओळीनं चुकीच्या नावांवर बसत गेल्या.

संध्याकाळी बेरीज जुळेना. वार्षिक हिशेब बंद करायचा दिवस, मॅनेजर दारात उभे, आणि ताई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘माझ्याच हातून काहीतरी बिघडलं.’ मशीन बंद करून चालू करायचा धीर कुणाला होईना. शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन लावला. त्यानं विचारलं, ‘मॅडम, स्क्रीनच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय?’ तिथे बारीक अक्षरांत दोन शब्द होते : स्क्रोल लॉक.

आम्ही ते बटण शोधायला लागलो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिघींनी मिळून शोधलं. लॅपटॉपवर ते बटणच नव्हतं. लॉक लागलेला होता, पण तो काढायचा कुठून हे त्या कीबोर्डवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. महाशय, खोलीला कुलूप तसंच ठेवून किल्ली घेऊन जाणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी तुम्हाला तेच म्हणते आहे.

लॉक लागला कसा, तेही ऐका. आमच्या त्या लॅपटॉपवर कंट्रोलच्या शेजारी एफएनचं बटण आहे. एफएन आणि एस एकदम दाबलं की स्क्रोल लॉक लागतो. कंट्रोल आणि एस दाबलं की फाइल जतन होते. ताईंना कष्टानं लागलेली सवय आहे, दर पाच मिनिटांनी फाइल जतन करायची. त्यांचं बोट एका बटणानं चुकलं, बस्स. काम सांभाळायला गेलेल्या बाईच्या वाटेत तुम्ही खड्डा खणून ठेवलात आणि त्यावर पाटीही लावली नाहीत. मग पडल्याचा दोष तिच्याच माथी आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे बटण मुळात वाईट नव्हतं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर ते होतं. त्या काळी स्क्रीनवर पंचवीस ओळी मावायच्या आणि माउस बहुतेकांकडे नसायचा. कर्सर जागेवर ठेवून नुसता मजकूर वरखाली सरकवायचा तर बाणांना दुसरं काम द्यावं लागे, ते हे बटण देई. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये ते दाबलं की स्क्रीनच्या खालच्या कडेला तसा शब्द उमटायचा. १९८४ च्या पीसी एटीच्या कीबोर्डवर तर कॅप्स, नम आणि स्क्रोल या तिन्ही लॉकसाठी तीन दिवे आले. त्या लोकांना एवढी जाण होती की बटणाचा अर्थ बदलणार असेल तर माणसाला ते दिसलं पाहिजे.

पुढे माउसला चाक आलं आणि या बटणाची गरज उरली नाही. गरज संपली तर बटण काढा, माझी तक्रार नाही. लॅपटॉप पातळ केलात, हलका केलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मी तो रोज एसटीनं नेते. पण बटण काढताना लॉक का नाही काढलात? आणि लॉक ठेवायचाच होता, तर दिवा का नेलात? तांदळाच्या दाण्याएवढी जागा लागते त्याला. झाकणावर तुमचं बोधचिन्ह झळकवायला जागा पुरली, ताईंच्या दिव्याला नाही पुरली?

शिवाय तुमच्यापैकी प्रत्येकानं ही चोरवाट वेगळ्या ठिकाणी काढली आहे. एका लॅपटॉपवर एफएन आणि एस, दुसऱ्यावर एफएन आणि के, तिसऱ्यावर एफएन आणि सी. पुष्कळदा त्या अक्षरावर कसली खूणही नसते. एका मशीनवर शिकलेलं दुसऱ्यावर निरुपयोगी. वर्षानुवर्षं कष्ट करून मिळवलेलं ज्ञान असं मातीत घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

त्या रात्री आम्हाला सोडवलं ते फोनवरच्या त्या मुलानं. त्यानं विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. स्क्रीनवर अख्खा कीबोर्ड उघडला. त्यात उजवीकडे स्क्रोल लॉकचं बटण उजळलेलं दिसत होतं. माउसनं त्यावर एकदा टिचकी मारली, ते विझलं, आणि ताईंचा बाण सेलवरून सेलवर चालू लागला. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडून त्यावरचं बटण दाबलं असतं तरी जमलं असतं. दहा सेकंदांचं काम. ते कळायला आम्हाला तीन तास लागले आणि बिघडलेल्या नोंदी रजिस्टरशी ताडून पुन्हा भरायला आणखी एक तास.

माझं मागणं लांबलचक नाही. लॉक ठेवणार असाल तर दिवा द्या. दिवा देणार नसाल तर लॉक लागताक्षणी स्क्रीनच्या मधोमध वाचता येईल असा शब्द दाखवा आणि तो कसा काढायचा तेही तिथेच लिहा. विंडोजमध्ये टॉगल कीज नावाची सोय आहे. ती चालू असली की कॅप्स, नम किंवा स्क्रोल लॉक लागताना आणि निघताना वेगवेगळा आवाज येतो. ही सोय मुळापासूनच चालू ठेवून लॅपटॉप विका. कोणत्या दोन बटणांनी लॉक लागतो ते त्या बटणावर छापा, आणि ती जोडी फाइल जतन करण्याच्या जोडीशेजारी ठेवू नका. यातलं काहीच जमत नसेल तर लॉक कायमचा काढून टाका. चार दशकांनंतर त्याला निरोप दिला तर कुणी रडणार नाही.

ताईंनी आता कागदाची एक पट्टी कापून लॅपटॉपच्या कडेला चिकटवली आहे. त्यांच्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलंय : ‘बाण चालेना झाले तर खाली डावीकडे बघणे. विंडोज + कंट्रोल + ओ. घाबरू नये.’ त्यातला शेवटचा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला आहे.

महाशय, ती पट्टी लिहायचं काम तुमचं होतं.

आपली,
एक हिशेबनीस