आप्पासाहेबांचा खिसा

चौदा चहा आणि दोन क्रीमरोल. टपरीवाल्यानं बोटांवर बेरीज केली आणि म्हणाला, "एकशे साठ झाले, आप्पासाहेब."

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. टपरीवाल्यानं चहाची नव्हे, टपरीचीच किंमत सांगितली असावी असा त्यांचा चेहरा झाला.

"एक चहा कितीला?"

"दहा."

"दहा? अरे, मध्ये तर रुपयाला होता की!"

'मध्ये' हा शब्द आप्पासाहेब फार ऐसपैस वापरतात. हा 'मध्ये' साधारण १९८८ सालचा. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. कार्यकर्ते श्वास रोखून बघत राहिले, कारण हे दृश्य कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. खिशातून आधी कंगवा निघाला. मग वेलदोड्यांची चांदीची डबी. मग कुठल्याशा देवस्थानच्या अंगाऱ्याची पुडी. नोट काही निघाली नाही. निघणार कुठून? गेल्या पस्तीस वर्षांत त्या खिशात ती गेलेलीच नाही. आप्पासाहेबांनी पीएकडे पाहिलं, पीएनं ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरनं घड्याळाकडे पाहिलं, आणि पुढच्या सभेला उशीर होत असल्याचं एकदम सगळ्यांच्याच लक्षात आलं.

हे आप्पासाहेब कोण, ते विचारू नका. तुमच्या तालुक्यात ते नानासाहेब असतील, नाहीतर बापूसाहेब. साखर कारखान्याचे माजी अध्यक्ष, दूध संघाचे आजी मार्गदर्शक, जिल्हा बँकेचे संचालक, शिक्षणसंस्थेचे संस्थापक, दोनदा आमदार, एकदा थोडक्यात पडलेले. सध्या पक्ष देईल ती जबाबदारी. पक्ष कुठला, ते मीही सकाळचा पेपर बघूनच नक्की करतो.

मी त्यांच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: तास झाला तर तासाचे पैसे, आणि तेही बिल मंजूर झाल्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नसतात, म्हणून मे महिन्यात मी प्राध्यापक नसतो, भावाच्या रसवंतीवर गल्ल्याला असतो. नेट झालंय, पीएचडी झालीय, उसाच्या रसात लिंबू किती पिळायचं तेही आता जमतं. शिवाय आप्पासाहेबांची भाषणं मी लिहितो. ते सेवेत धरलं जातं.

माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. मयताला सगळ्यांच्या आधी हजर. पंचवीस वर्षांपूर्वी एकदा भेटलेल्या माणसाला नावानिशी हाक मारतात, त्याच्या म्हशीची चौकशी करतात. म्हैस तोवर गेलेली असते, पण तो माणूस जन्माचा बांधला जातो. आणि "मी पण गरिबीतून वर आलोय" हे त्यांचं वाक्य तर शंभर टक्के खरं आहे. अनवाणी शाळेला जायचे. शाळा किती लांब होती हे मात्र मतदारसंघाच्या वाढत्या लोकसंख्येप्रमाणे वाढत गेलंय. पहिल्या निवडणुकीत ती दोन मैलांवर होती. मागच्या भाषणात मी अकरा किलोमीटर लिहिलं, तर त्यांनी पेन मागून घेतलं आणि मध्ये एक ओढाही घातला.

एवढं सगळं खरं, तर मग चहा रुपयाला कसा? मी ह्यावर बराच विचार केलाय. तासिका तत्त्वावरच्या माणसाला विचार करायला वेळ भरपूर मिळतो. माझा निष्कर्ष असा, की आप्पासाहेब आधी रोख पैसे मोजून सगळं घ्यायचे. बिडी घ्यायचे, एसटीचं तिकीट काढायचे, दुकानदाराशी चार आण्यांवरून भांडायचे. मग जीप आली. जीपबरोबर ड्रायव्हर आला, ड्रायव्हरबरोबर पीए आला, आणि पैसे मागनं कुणीतरी द्यायला लागलं. त्या दिवशी त्यांच्या डोक्यातला भावफलक पुसायचा राहिला तो राहिलाच. त्या फलकावर पेट्रोल अजून दहाच्या आत आहे. एसटी नाक्यावर वडा चार आण्याला आहे. लोक महागाई महागाई करतात तेव्हा आप्पासाहेबांना ते खरोखर कळत नाही, आणि विरोधकांनी पढवलंय असं वाटतं.

हिशेबात ते कच्चे आहेत असं कुणी समजू नये. उसाचा उतारा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत तोंडपाठ. कोटीची बेरीज आपण दूधवाल्याची करतो तशी करतात. पेटी आणि खोके ही मापं तर आता शाळकरी पोरांनाही कळतात, ते सोडून द्या. अडचण आहे ती शंभरापासून लाखापर्यंतच्या पट्ट्यात. तिथं आप्पासाहेबांचा नकाशा कोरा आहे. आणि नेमके आपण सगळे तिथंच राहतो. साडेआठशेचं सिलिंडर, बाराशेचं लाइट बिल, अठराशेचा चष्मा, साडेचार हजारांचं घरभाडं, ही आपली वस्ती. आप्पासाहेब तिच्यावरून हेलिकॉप्टरनं जातात.

दर गुरुवारी बंगल्यावर जनता दरबार असतो. एकदा एक बाई आली. पोराला डिप्लोमाला घातलेलं, फीला बारा हजार कमी पडत होते.

"बारा हजारच?" आप्पासाहेब मायेनं म्हणाले. "एवढ्यासाठी उन्हातान्हाची आलीस? एखादी एफडी मोडायची की."

"मोडण्यासारखं होतं ते मोडलं, आप्पा," बाई म्हणाली. "आता डोरलं तेवढं राहिलंय."

आप्पासाहेबांना एकदम गलबलून आलं. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी तिथल्या तिथं प्राचार्यांना फोन लावून झापलं, "काय फी लावता रे गोरगरिबांना! माणसं आहात का कोण!" आणि बाईला तीन हप्ते करून दिले. बाई पाया पडून गेली. कॉलेज आप्पासाहेबांचंच होतं. फी त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या बैठकीत ठरली होती, इतिवृत्त मी लिहिलं होतं.

माझ्यावरही अशीच माया केली एकदा. गाडीत शेजारी बसवलं होतं, भाषणाचा मसुदा वाचून दाखवत होतो. मध्येच म्हणाले, "मास्तर, वडील सूतगिरणीत होते ना तुमचे? पेन्शन असेल की. मग तुम्हाला काय काळजी!"

"आहे," मी म्हणालो. "अकराशे."

"रोजचे?"

"महिन्याचे."

आता हे काही माझ्या वडलांचं दुर्दैव म्हणून नव्हे. ईपीएसची किमान पेन्शन २०१४ सालापासून महिना १००० रुपये आहे, वडील शंभरानं वरच आहेत. माजी आमदाराची महिना ५०,००० पासून पुढे सुरू होते. आप्पासाहेब दोन किलोमीटर काही बोलले नाहीत. बाहेर बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी आत हललं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यांना सांगा, जपून खर्च करा म्हणावं."

आप्पासाहेब एकटे असते तर मी त्यांना नमुना म्हणून जपून ठेवलं असतं. पण ही जात देशभर आहे आणि तिच्यात पक्षभेद नाही. जुलै २०१३ आठवत असेल. नियोजन आयोगानं तेव्हा गरिबीची रेषा शहरात माणशी महिना १००० रुपये आणि खेड्यात ८१६ रुपये अशी आखली होती. रोजचे साधारण ३३ आणि २७. ह्या आकड्यांची पाठराखण करताना काँग्रेसचे राज बब्बर म्हणाले, की मुंबईत आजही १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं. वडापाव नव्हे बरं का, भात, डाळ, सांबार, भाजी. लगेच त्याच पक्षाच्या रशीद मसूद यांनी दिल्लीत जामा मशिदीजवळ ५ रुपयांत जेवण मिळत असल्याचं सांगितलं. देशभर हसणं चाललं होतं, बब्बर यांनी पुढे खेदही व्यक्त केला. आमच्या बंगल्यावर टीव्ही चालू होता. आप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले, "बारा जरा जास्तच सांगितले. पण मुंबई आहे, चालायचंच." पाच रुपयांची बातमी आली तेव्हा म्हणाले, "हां, हे बरोबर."

पुढे २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात. जिल्ह्याच्या गावी केंद्राचं उद्घाटन, आणि कॅमेऱ्यासमोर आप्पासाहेबांचं भोजन. चपातीचा तुकडा मोडता मोडता त्यांना खरंखुरं नवल वाटलं. माझ्याकडे वाकून म्हणाले, "मास्तर, दहा रुपयांत एवढं सगळं मिळतं, मग लोक घरी स्वयंपाक करतात तरी कशाला?" आता त्याच थाळीची किंमत सरकारनं शहरात ५० आणि खेड्यात ३५ रुपये धरली होती, वरचे पैसे सरकारच केंद्रचालकाला देणार होतं, आणि ज्या शासन निर्णयात हे लिहिलं होतं तो आप्पासाहेबांच्या ताटाशेजारी पाण्याच्या ग्लासाखाली ठेवला होता. हात धुऊन ते निघाले. केंद्रचालक म्हणाला, "तुमच्याकडनं काय घ्यायचं, साहेब!" तेव्हा ते दहासुद्धा राहिलेच.

पण हजरजबाबीपणात आप्पासाहेबांचा हात कुणी धरणार नाही. त्या थाळीच्या आदल्याच महिन्यात कांदा किलोला शंभरीपार गेला होता, आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन लोकसभेत म्हणाल्या होत्या, की मी काही फारसा कांदा-लसूण खात नाही. आप्पासाहेब त्या आठवड्यात विरोधी पक्षात होते. मी झणझणीत भाषण लिहून दिलं. बाजारपेठेत सभा, आप्पासाहेब रंगात. "ह्यांना कांद्याचा भाव माहीत नाही! गरिबाच्या ताटातला कांदा ह्यांनी कधी पाहिला नाही!" टाळ्या. इतक्यात मागनं एक पोरगं ओरडलं, "आप्पासाहेब, तुम्ही सांगा, काय भाव कांदा?"

भाषणात भाव लिहायचा राहून गेला होता. चूक माझीच.

आप्पासाहेब क्षणभर थांबले आणि ठासून म्हणाले, "सहाशे!"

सभा गार. किलोचे म्हणावेत तर बाजारात दंगल व्हायची, क्विंटलचे म्हणावेत तर शेतकऱ्यानं चाळीला काडी लावायची. पीए मागनं कुजबुजला, "शंभर... किलोला शंभर." आप्पासाहेबांचा आवाज तसूभरही हलला नाही. "आज शंभर आहे, मित्रांनो! ह्यांच्या हातात सत्ता राहिली तर सहाशे होईल, हे आज मी इथं सांगून ठेवतो!" अशी टाळी पडली, की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, निदान आमच्या तरी नाही.

एकच दिवस असा येतो, जेव्हा आप्पासाहेब आपल्यातले होतात. सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवाराला मालमत्ता जाहीर करणं आलं. तो नमुना २६ चा कागद भरायचा दिवस. सीए वाचत जातो आणि आप्पासाहेब सोफ्यात खचत जातात.

"वाहन?"

"सहा आहेत की खाली उभी."

"तुमच्या नावावर निरंक. दोन संस्थेची, दोन वहिनीसाहेबांची, एक चिरंजीवांची, एक मेव्हण्याची." सीए पुढे वाचतो. "बंगला वहिनीसाहेबांच्या नावे. वहिनीसाहेबांचा व्यवसाय शेती. वांग्यांचं उत्पन्न यंदा चांगलं आहे. तुमच्याकडे रोख एक्केचाळीस हजार, एक रिव्हॉल्व्हर, आणि वहिनीसाहेबांकडून हातउसने घेतलेले एक कोटी अठरा लाख."

खोलीत शांतता पसरली. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मास्तर, माझं स्वतःचं असं काहीच नाही?"

"कागदावर नाही, आप्पासाहेब."

"वर बायकोचं देणं." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "आणि लोकांना वाटतं, मला गरिबी कळत नाही."

त्या संध्याकाळचं भाषण त्यांनी कागद बाजूला ठेवून केलं. आयुष्यातलं सर्वोत्तम. बायाबापड्या रडल्या.

टपरीचं सांगायचं राहिलं. ही २०२४ च्या लोकसभेच्या प्रचारातली गोष्ट. आप्पासाहेबांची गाडी गेली, तिच्यामागे कार्यकर्त्यांच्या गाड्या गेल्या, आणि क्रीमरोल खात मागे राहिल्यामुळे टपरीसमोर एकटा मीच उरलो. टपरीवाल्यानं काही न बोलता स्कॅनरची पाटी माझ्याकडे वळवली. मी एकशे साठ भरले. पीएला सांगितलं, तर म्हणाला, "बिल आणा, सर, बिलाशिवाय कसं निघणार?" टपरीवाल्याकडे बिलबुक नाही. त्यानं वहीचा कागद फाडून 'चहा १४, क्रीमरोल २' असं लिहून दिलं, तो मी जोडला. मध्ये विधानसभा झाली. पैसे अजून आलेले नाहीत.