सगळे आजोबा रणगाड्यात

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टोप्या विकणाऱ्यांचं ऐकत बसलं, तर एक गोष्ट लक्षात येते. जर्मन सैन्यात पायदळ नव्हतंच. आचारी, कारकून, खेचरं हाकणारे तर औषधालाही नव्हते. झाडून सगळ्यांचे आजोबा रणगाड्यात, नाहीतर थेट एसएसमध्ये.

गोम गोटात आहे. या पीक-कॅपच्या कडेचा गोट बघून सैनिकाची शाखा कळायची: पायदळाला पांढरा, तोफखान्याला लाल, रणगाडा दलाला गुलाबी. पांढरा ढिगाने मिळतो, गुलाबीला भाव. मग एखादा हरहुन्नरी कारागीर पांढरा उसवतो, गुलाबी बसवतो. टोपी खरी, कापड खरं, आजोबा तेवढे बदलले! युद्धानंतरच्या पोलिसांच्या नि अग्निशमन दलाच्या टोप्यांनाही अशी मरणोत्तर बढती मिळते. वर गरुड आणि एसएसची कवटी टोचली की काम फत्ते.

नवशिका त्या कवटीकडेच बघत राहतो. मुरलेला संग्राहक टोपी आधी उलटी करतो. गोटाच्या शिवणीत जुन्या सुईची रिकामी भोकं आहेत का? बिल्ला काढला तर खालचं कापड भोवतालच्यापेक्षा गडद दिसतं का? तिथे ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे दिसायला हवं. अस्तरात कारखान्याच्या नावावर शंकरपाळ्याच्या आकाराचा सेल्युलॉइडचा तुकडा असतो. इतक्या वर्षांत तो पिवळा पडतो, आक्रसतो, तडकतो. तो कालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा लवचीक असेल, तर टोपी मुकाट्याने परत ठेवावी. चामड्याची आतली पट्टी कपाळाला टेकते तिथे जास्त काळवंडलेली हवी. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारी केलेल्या पट्टीला चहूबाजूंनी सारखाच घाम आलेला असतो.

आणि दोरा. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला, तोही इंग्लंडमध्ये. बाजारात आला युद्ध संपल्यावर. शत्रूच्या प्रयोगशाळेतला दोरा बर्लिनच्या शिंप्याकडे कुठल्या टपालाने गेला, हे विक्रेत्याला जरूर विचारावं. आजोबांची नवी गोष्ट ऐकायला मिळेल.

हसू नका, मोठमोठे याच दोऱ्यात अडकलेत. १९८३ साली जर्मनीच्या ‘श्टर्न’ साप्ताहिकाने तब्बल ९३ लाख मार्क मोजून घेतलेल्या हिटलरच्या रोजनिश्या जगासमोर आणल्या. ह्यू ट्रेव्हर-रोपरसारख्या नामवंत इतिहासकाराने आधी त्यांना अस्सल म्हणून टाकलं. मग सरकारी अभिलेखागाराने तपासणी करवली. कागदात युद्धानंतरचं शुभ्र करणारं रसायन निघालं, बांधणीत पॉलिएस्टर. लेखक कोण? कोनराड कुयाउ, नाझी वस्तूंचाच व्यापारी. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा संग्रह करायचाच असेल, तर पांढऱ्या गोटाची, कसर लागलेली, कुणा सामान्य पायदळवाल्याची टोपी घ्या. नक्कल करणारे तिच्यामागे त्या मानाने कमी लागतात. आणि कवटीवालीच हवी असा हट्ट असेल, तर खुशाल नकली घ्या. निदान ती घालून कुणी कुणाचा जीव घेतलेला नसेल.