दीड हजारातलं पातं

जंगलात गेल्यावर माणसाजवळ काय काय असावं, हा प्रश्न मला जंगलात कधीच पडलेला नाही. तो पडतो कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, पंख्याखाली आडवं पडल्यापडल्या. याच अवस्थेत मी आजवर सॅक, बूट, कपाळावर बांधायचा दिवा, ओढ्याचं पाणी गाळून प्यायची नळी आणि भर वाऱ्यातही विझणार नाही अशी हमी असलेली काडेपेटी घेतली आहे. हमी खरी निघाली. पेटतच नाही, तर विझणार कुठून?

त्यामुळे ‘आता फक्त एक पारंपरिक घडणीचा, न मिटणारा चाकू घेतला की झालं’ असं मी जाहीर केलं, तेव्हा हिने कपाळाला हात वगैरे काही लावला नाही. आमच्याकडे गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती हिच्याकडेच असल्याने निर्णय जागच्या जागी होतात. “दीड हजार,” ही म्हणाली. “म्यानासकट.”

मग मिटणारा का नको, हे मी तिला समजावून सांगितलं. मिटणाऱ्या चाकूला सांधा असतो, सांधा आला की खिळखिळ आली, त्यात माती-वाळू अडकते, आणि नेमक्या वेळी तो बोटावर मिटतो. पातं कसं बैठकीत पक्कं रोवलेलं पाहिजे, जाड पाठीचं, साध्या कार्बन पोलादाचं, धार गेली तर घरच्या घरी लावता येईल असं. ही ऐकत होती आणि विळीवर नारळ खोवत होती. सासूबाईंच्या लग्नात आलेली ती विळी: पातं पाटात पक्कं, पाठ जाड, पोलाद कार्बनचं, धार अजून अशी की मी तिच्या वाटेला जात नाही. मी वर्णन करत होतो ती वस्तू माझ्यासमोर अर्ध्या हातावर होती. पण तिला म्यान नव्हतं.

यानंतर मी अभ्यासाला लागलो. अभ्यास हा माझा जुना आजार आहे. ज्या गोष्टी मला करता येत नाहीत, त्यांच्याबद्दल मला प्रचंड माहिती असते. पहिला धडा ‘फुल टँग’चा, म्हणजे पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं, नुसती शेपटी आत खुपसलेली नसावी. हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरातली सगळी हत्यारं तपासली. ब्रेड कापायच्या सुरीबद्दल संशय आला म्हणून तिची मूठ पकडीने उघडून पाहिली. संशय बरोबर होता. मूठ काही परत बसली नाही आणि पुढचे बरेच दिवस आम्ही ब्रेड हातानेच तोडून खाल्ला.

दुसऱ्या धड्यात पहिला धडा पुसला गेला. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथे १८९१पासून एक घराणं आणि १९१२पासून दुसरं अशा दोन कारखान्यांनी चाकू केले, आणि पुढे ते दोन्ही एकाच छत्राखाली आले. तांबड्या रंगाची बर्च लाकडाची मूठ आणि साधं पातं, असा तो जुना मोरा चाकू. त्यात लोखंड मुठीच्या रुंदीभर नसतंच, बारीक शेपटी तेवढी आत गेलेली, आणि तरीही तिकडचे सुतार, कोळी, शिपाई पिढ्यानपिढ्या त्याच्यावर निभावत आले. फिनलंडचा पुक्कोही याच जातकुळीतला. म्हणजे ब्रेडची सुरी निर्दोष होती. तिची मी माफी मागणार होतो, पण मूठ सापडेना.

मोरा घ्यायचा, हे मनाने ठरलंच होतं. कारण त्याच्या पात्याचा उतार. आपल्या सुरीला वरून एक उतार आणि अगदी कडेला दुसरा बारीक उतार असतो. या उत्तरेकडच्या पात्याला मध्यापासून थेट धारेपर्यंत एकच सपाट उतार. धार लावताना तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप साधतो. ‘आपोआप’ हा शब्द वाचला आणि मी विरघळलो. मात्र तो गरिबाचा चाकू समुद्र ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत बराच श्रीमंत होतो. मला दिसला तो दीड हजाराच्या पलीकडच्या काठावर. मी पुरवणी मागणीचा विषय काढला. अर्थखात्याने कुकरची शिट्टी लावली.

मग मी गावात गेलो. कुठल्या पेठेत, कुठल्या दुकानात, ते सांगत नाही. दुकानदाराने मला एका नजरेत ओळखलं आणि आतून मखमलीत गुंडाळलेलं एक पातं काढलं. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. “दमास्कस आहे साहेब. नऊशे.” आता दमास्कस म्हणजे माझा हातखंडा विषय. मी तिथल्या तिथे दुकानदारालाच सांगायला लागलो की दमास्कसच्या तलवारींचं पोलाद मुळात आपल्या दक्षिणेतलं, आजच्या तेलंगणातल्या गावांत मुशीत वितळवून केलेलं वूट्झ, ते अरबी व्यापारी तिकडे नेत. आजकाल दोन जातींचं पोलाद थरावर थर ठोकून एकजीव करतात आणि मग पातं आम्लात बुडवलं की थर उमटतात, त्यालाही लोक दमास्कसच म्हणतात. दुकानदार अतिशय आदराने ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने बिल केलं.

मेथीच्या जुडीखाली लपवून मी ते घरी आणलं. दुसऱ्या दिवशी हिने इतर भांड्यांबरोबर ते चिंच-मिठाने घासलं, आणि लाटा गेल्या. सगळ्या. दमास्कसची ती हजार वर्षांची परंपरा आमच्या मोरीत पाचेक सेकंदांत वाहून गेली. “अहो, याच्यावर काहीतरी छापलेलं होतं, ते निघालं हं,” ही आतून म्हणाली. उरलेल्या पांढऱ्या पत्र्याला लिंबूही कापता येत नव्हतं. सध्या ते लिफाफे फोडतं. हल्ली पत्रं येत नाहीत, म्हणून बरं चाललंय त्याचं.

आता हातात उरले सहाशे रुपये. अशा वेळी माणसाला सासुरवाडी आठवते.

हिचं माहेर कुडाळकडचं. तिथे हिच्या मामांच्या कमरेला एक लाकडी आकडी असते आणि आकडीत मागच्या बाजूला कोयती लटकत असते. न मिटणारं पातं, पारंपरिक घडण, म्यानाचाही प्रश्न मिटलेला. इतकी वर्षं मी त्यांच्यामागून काजूच्या बागेत फिरत होतो, तेव्हा माझी नजर फक्त काजूवर होती. मी इच्छा सांगितली. मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “जावयबापूंनू, कोयती नको. ल्हान सुरी करून घेवया.” त्यात माझ्याबद्दलची काळजी होती, आणि बागेबद्दलची त्याहून जास्त.

लोहाराची शाळा रस्त्याच्या कडेलाच होती. भात्याच्या जागी विजेचा पंखा, बाकी सगळं जुनंच: ऐरण, घण, सांडशी, आणि कोपऱ्यात ट्रकच्या कमानींच्या मोडक्या पाट्यांचा ढीग. या पाट्यांचं पोलाद फार गुणी असतं. अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर कार्बन, वर्षानुवर्षं खड्डे सोसूनही न तुटणारं. ही माहिती मी लोहाराला दिली. तो म्हणाला, “होय काय?” आणि एक तुकडा भट्टीत सरकवला.

मला हवा असलेला उतार समजावून सांगण्यासाठी मी राखेत बोटाने पात्याचा आडवा छेद काढला. त्याने मान तिरकी करून पाहिलं आणि मामांना विचारलं, “होडी व्हयी काय हेंका?”

पण माझा खरा पराक्रम पुढे आहे. पोलाद साधारण ७७० अंशांवर पोचलं की चुंबकाला चिकटेनासं होतं, आणि पाणी पाजण्याची वेळ त्यानंतर थोडी आणखी तापवून साधायची असते, असं मी वाचलं होतं. म्हणून मी पुण्याहून फ्रीजवरचं चुंबक खिशात घालून आणलं होतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी होती ती. पातं भट्टीतून लाल होऊन बाहेर आलं, लोहार ते सावलीत धरून नुसता रंग पाहत होता, इतक्यात मी “थांबा!” म्हणून शास्त्रोक्त पद्धतीने स्ट्रॉबेरी पुढे केली. चुंबक चिकटलं नाही. स्ट्रॉबेरी चिकटली. सगळ्या शाळेत जळक्या प्लास्टिकचा वास भरला. लोहार काहीही बोलला नाही. त्याने तो चिकट लगदा खरवडून काढला, पातं पुन्हा भट्टीत घातलं आणि मामांनी मला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं.

तिथून पाहिलं तेवढं मात्र सांगतो. त्याने फक्त धारेची बाजू पाण्यात धरली, पाठ वरच. चर्र झालं. मग पातं बाहेर काढून दगडावर पटकन घासून उजळ केलं आणि वाट पाहिली. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरू लागली तसा त्या उजळ लोखंडावर वाळल्या गवताचा पिवळा रंग सरकत आला. तो कडेला पोचला त्या क्षणी सबंध पातं पाण्यात. माझ्याजवळ यावर वाचलेली चांगली वीस पानं होती. त्याने घड्याळाकडेही पाहिलं नाही.

मूठ फणसाच्या लाकडाची बसवली. “काय तोडतल्यात हेनी?” पैसे घेताना त्याने विचारलं. साधाच प्रश्न होता. इतक्या अभ्यासात तो कुठेच आला नव्हता. मी गडबडून खरं तेच बोललो, “काकडी.”

त्याने शंभर रुपये परत केले. का, ते मी विचारलं नाही.

निघण्याआधी मी शिलाईच्या फितीने पातं मोजलं, कारण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची नोंद शस्त्रांच्या नियमांत आहे. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, आणि माझी सुरी जेमतेम पाच इंचांची. तरीही परतीच्या प्रवासात खाकी कपडे दिसले की मी उगाचच खिडकीबाहेर बघत होतो. त्यातले बहुतेक कंडक्टर होते.

उद्घाटनाला हरिश्चंद्रगड निवडला. सुरीच्या पाठीवर ओंडक्याने ठोकून लाकूड चिरायचं, त्याच्या बारीक सालपटांनी शेकोटी पेटवायची, असा माझा बेत होता. सोबतच्या पोरांना मी तो वाटभर सांगितला. पायथ्याच्या पाचनईत कुणीतरी आठवण करून दिली की हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. इथे लाकूड तोडायचं नाही, शेकोटी पेटवायची नाही. म्हणजे सबंध सह्याद्रीतून मी नेमकी तीच जागा शोधून काढली होती जिथे माझ्या सुरीला फक्त काकडी कापता येईल.

तर गडावरच्या गुहेत बसून काकडी. कमानीच्या पाट्याची सुरी, पाठ जवळपास पाव इंच जाड. धार काकडीत अलगद शिरली आणि मागून पाठ आली. काकडी कापली गेली नाही, फुटली. एक तुकडा गुहेबाहेर गेला. कांदा चिरायला घेतला तर कार्बनच्या पोलादाने तो काळा पडला आणि भेळेला खिळ्याची चव आली. पोरं सभ्य होती, खात होती. शेवटी गडावर पिठलं-भाकरी करून देणाऱ्या मावशींनी त्यांच्याकडची पत्र्याची, प्लॅस्टिकच्या मुठीची पातळ सुरी पुढे केली. तिच्या मुठीत लोखंड कुठवर गेलंय, ते मी विचारलंच.

“मला काय म्हाईत,” मावशी म्हणाल्या. “कापा की.”

आमच्या ग्रुपमध्ये मात्र मी आता चाकूंचा जाणकार समजला जातो. परवा एका मुलाचा फोन आला, काका, दीड हजारात कोणता घेऊ? मी त्याला टँग सांगितला, उतार सांगितला, क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पोलाद सहसा गंजत नाही हे सांगितलं, कार्बनच्या पात्याला पावसाळ्यात खोबरेल चोळून ठेवायचं हेही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं.

“आणि तुम्ही कोणता वापरता, काका?”

आतून ठक्क आवाज आला आणि पाठोपाठ हिची हाक, “अहो, तुमच्या सुरीने नारळ मस्त फुटतो हं! वाटी घेऊन या, पाणी सांडतंय!”

“तुला नंतर फोन करतो,” मी म्हणालो.